खडू खाली ठेवायचा नाही

जांभळी शाई अजून वाळली नव्हती, की वाळली होती आणि तिच्याच अंगठ्याला घाम आला होता, कळत नव्हतं — लिफाफ्यावर छापील 'उस्मानाबाद' होतं आणि कुणीतरी त्याच्यावरच रबरी शिक्का दाबून 'लातूर' उमटवलं होतं, शेजारी नाही, खाली नाही, नेमकं वर, त्यामुळे एका नावाची अक्षरं दुसऱ्याच्या पोटात शिरली होती आणि दोन्ही नावं असून एकही धड वाचता येत नव्हतं. जिल्हा नवा होऊन सात महिने झाले. पाट्या रंगवून झाल्या, सत्कार झाले, हार वाळून गेले. लिफाफे मात्र जुनेच. विशाखानं अंगठा पदराला पुसला. पदरावर डाग पडला नाही. म्हणजे वाळली होती.

लातूर-नांदेड एस.टी. चाकूरच्या पुढं आली होती. मांडीवर लिफाफा, लिफाफ्याखाली वही, वहीत एक कागद आणि कागदावर फिजिक्समधली सहा नावं — ब्लॅक बॉडी, फोटोइलेक्ट्रिक, कॉम्प्टन, अनसर्टन्टी, टनेलिंग, डबल स्लिट. यातलं एक नाव आज पाचच्या आत नांदेडला कॉलेजात जाऊन मुखेडकर सरांना सांगायचं होतं. शनिवारी त्यावर एम.एस्सी.च्या वर्गापुढं दहा मिनिटं बोलायचं. नाही सांगितलं तर फोटोइलेक्ट्रिक. ते सरांनी सोमवारीच तिच्या नावापुढं लिहून टाकलं होतं, शाईनं, तिला न विचारता, आणि वर प्रेमानं म्हणाले होते, "सोनकांबळे, तू हे घे. सुटसुटीत आहे. तुला जमेल."

तुला जमेल… या दोन शब्दांत वाईट काय आहे, हे कुणाला समजावून सांगता आलं नसतं. वर्गातल्या मन्मथला ते म्हणाले, "बघ बाबा, तुला काय हवं ते." अरुंधतीला म्हणाले, "टनेलिंग घे, मजा येईल तुला." मला म्हणाले, जमेल. मजा त्यांची, जमणं माझं.

आणि जमणार होतंच, हीच तर गोम होती. फोटोइलेक्ट्रिक तिला झोपेतसुद्धा आलं असतं. धातूवर उजेड पडतो, इलेक्ट्रॉन बाहेर येतो. पण एका ठरावीक मर्यादेखालचा उजेड असेल तर तो ढिगानं ओता, वर्षभर ओता, एकही इलेक्ट्रॉन हलत नाही. समीकरण एका ओळीचं. आलेख सरळ रेषेचा. मागच्या परीक्षेत यावर वीसपैकी अठरा. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकही जागा अशी नाही की जिथं पाय अडखळेल, आणि म्हणूनच तो विषय समोर आला की तिला धुतलेल्या, इस्त्री केलेल्या, दुसऱ्या कुणाच्या तरी साडीत उभं राहिल्यासारखं वाटायचं.

अडखळायची जागा शेवटच्या नावात होती. डबल स्लिट. ते लायब्ररीतल्या पुस्तकात तिनं चार वेळा वाचलं होतं आणि चारही वेळा एकाच पानावर मागं फिरली होती. पडद्याला दोन फटी. इलेक्ट्रॉन एकेक करून सोडायचे, एक गेला की मग दुसरा, गर्दी नाही, धक्काबुक्की नाही. एकच फट उघडी असली तर मागच्या काचेवर एका जागी ठिपके पडतात — ठीक. दुसरीही उघडली तर जास्त पडायला हवेत. दार दुप्पट, माणसं दुप्पट. पण नाही, काचेवर पट्टे येतात, उजळ आणि काळे, आणि त्या काळ्या पट्ट्यांत, जिथं एका फटीतून आधी बिनबोभाट ठिपके पडत होते, तिथं आता एकही पडत नाही. दुसरं दार उघडलं म्हणून पहिल्यातून येणारेही यायचे थांबले. का? आणि कोणता इलेक्ट्रॉन कोणत्या फटीतून गेला हे बघायला दाराशी दिवा घेऊन बसलं, तर तो गुमान एकाच दारातून जाताना सापडतो, आणि पट्टे पुसून जातात. पुस्तक यावर गणित देतं. गणित तिला येत होतं. गणित सोडवून झाल्यावर पेन खाली ठेवलं की पहिल्याइतकंच अंधारलेलं असायचं.

मुखेडकर सरांची एक रीत होती. दहा मिनिटं संपली तरी बोलणाऱ्यानं खडू खाली ठेवायचा नाही. वर्गातून तीन प्रश्न आले पाहिजेत, तिन्हींची उत्तरं दिली पाहिजेत, मगच खडू टेबलावर. प्रश्न येईनात तर सर स्वतः विचारायचे. सगळा वर्ग या रीतीला भ्यायचा आणि सगळा वर्ग तिच्यावर हसायचाही — मन्मथ तर एकदा खडू कानावर अडकवून उभा राहिला होता. उदगीरच्या आडत दुकानदाराचा हा पोरगा, दुसऱ्याच प्रश्नाला सरळ म्हणाला, "सर, हे माझ्या डोक्यावरून गेलंय. मला स्वतःलाच कळलेलं नाही." वर्ग खो-खो हसला. सरही हसले. आणि मग फळ्याकडे येऊन म्हणाले, "चांगला प्रश्न आहे हा. ये, आपण दोघं मिळून बघू." वीस मिनिटं दोघं फळ्यापाशी. घंटा झाली तरी.

त्यानंतरच्या आठवड्यात माझी पाळी होती. तिसरा प्रश्न सरांनीच विचारला. मला येत नव्हता. मी मन्मथचंच वाक्य उचललं, इंग्रजीत करून, कारण बोलायचं इंग्रजीतच होतं — सर, आय हॅव नॉट अंडरस्टूड धिस. कुणी हसलं नाही. मागच्या बाकावरून कुणीतरी खोकला काढला, तो खोकलाच होता की दुसरं काही… आणि सर, भला माणूस, खरंच भला, चष्मा काढून मऊ आवाजात म्हणाले, "असू दे. बस खाली."

असू दे.

शिवी दिली असती तर बरं होतं. शिवीला उत्तर असतं. आमच्याकडं शिव्यांची उत्तरं पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहेत. असू दे-ला काय उत्तर? त्याला कळलं नाही तर तो प्रश्न चांगला. मला कळलं नाही तर ते असू दे. त्याचा गोंधळ फळ्यावर मांडण्याजोगा, माझा झाकण्याजोगा. त्या दिवशी तिनं खडू टेबलावर ठेवला तेव्हा त्याचे दोन तुकडे झालेले होते, आणि तेव्हापासून तिनं एक नियम केला — जे पूर्ण येतं तेवढंच तोंडातून काढायचं. हळूहळू तिला कळेनासं झालं की आपल्याला काय कळत नाही. म्हणजे आतल्या आतसुद्धा ती स्वतःला 'असू दे' म्हणायला लागली होती.

गाडी अचानक थांबली. पुढं पाण्याचा टँकर रस्त्यात आडवा उभा होता, त्याच्या मागच्या तोटीतून गळणाऱ्या धारेखाली दोन बाया घागरी धरून उभ्या होत्या आणि ड्रायव्हर त्यांच्यावर ओरडत होता. बाजूच्या माळावर रोजगार हमीची माणसं खडी फोडत होती. नुसती ओळीनं बसलेली पांढरी धूळ. त्या धुळीतल्या कुणाच्याही तोंडावर आज बाबांचं तोंड बसलं असतं.

बाबा — दगडोबा सोनकांबळे, निलंग्याच्या पलीकडं पाझर तलावाच्या कामावर — आज खाडा करून सकाळी लातूरला आले होते. जातीच्या दाखल्यासाठी बापाचा अर्ज लागतो म्हणून. कचेरीत सगळीकडं लाल फडक्यात बांधलेले बस्ते पडले होते, जुन्या जिल्ह्यातून आलेले, अजून न सोडलेले. माणसं त्यांच्यावरच बसत होती. माणिकप्पा नावाच्या कारकुनानं तिचे कागद दोन वेळा उलटून बघितले आणि चष्म्यावरून वर पाहिलं.

"बाई, हे कसं काय? तुमच्या शाळेच्या दाखल्यावर हिंदू महार हाय. वडलांच्या अर्जावर बौद्ध हाय. बाप एका धर्माचा अन लेक दुसऱ्या धर्माची?"

बाबांनी मान फिरवली.

"कोन्तं लिवू मी? दिल्लीच्या नोकरीला बौद्ध चालत न्हाई, महारच पायजे. मुंबईच्या सरकारला चालतंय. तुमी ठरवा."

तिनं बाबांकडं बघितलं. ज्या माणसानं हे केलं त्यानं बोलावं, एवढीच तिची अपेक्षा. आणि बाबा भिंतीवरच्या, अजून उस्मानाबादच्याच, नकाशाकडं बघत म्हणाले, "तिचं तिला इचारा सायेब. शिकलेली हाय."

बाबांनी हे केलं होतं म्हणजे चुकून नाही. विचार करून. आमच्या दोन एकर रानात बाबा कधी एकदम पेरत नाहीत. अर्धं मृगावर धूळपेरणी, अर्धं थांबून — पाऊस कुठल्या बाजूनं पडेल काय सांगावं, दोन्हींतलं एक तरी हाताला लागेल. सदुसष्ट साली मला शाळेत घातलं तेव्हा त्यांनी तसंच केलं. नाव घातलं विशाखा, बुद्धाच्या उपासिकेचं; पुढच्या रकान्यात सांगितलं हिंदू महार. तीन वर्षांनी माझ्या भावाला, उपालीला, त्याच शाळेत, त्याच गुरुजींकडं नेलं आणि सांगितलं बौद्ध. गुरुजी हसले म्हणे. "दगडोबा, एका घरात दोन धर्म?" तर बाबा म्हणाले, "घरात एकच हाय गुरुजी. कागदावर दोन." ही गोष्ट बाबा अजूनही वस्तीत रंगवून सांगतात आणि लोक मांड्या थोपटून हसतात. मीपण हसायचे. दहावीला दाखला हातात पडेपर्यंत. विहारात सगळ्यांच्या पुढं उभी राहून त्रिशरण म्हणणारी पोरगी ती मी, आणि कागदावर जिला अजून कुणी त्या विटाळातून सोडवलंच नाही तीही मी. बाबांना विचारलं, मला का त्या बाजूला पेरलंत? उपालीला का नाही? बाबा म्हणाले, "तू पयली हुतीस." एवढंच. जसं काही त्यात उत्तर आहे. आणि आहेही बहुतेक. पहिल्या पेरणीला कुणालाच काही माहीत नसतं.

माणिकप्पा पेन धरून थांबला होता. मागं रांग खोकत होती. तिच्या तोंडून निघालं, "जे असेल ते लिहा."

"जे आसंल ते!" माणिकप्पा हसला. "बाई, जे आसंल ते आमी लिवत न्हाई. आमी लिवतो तेच आसतंय." मग त्यानं काहीतरी लिहिलं, शिक्का मारला, कागदाची घडी घातली, लिफाफ्यात सरकवली, लिफाफ्याला थुंकी लावली. तिनं बघितलं नाही. बघता आलं असतं, हातभर अंतर होतं. ती मुद्दाम नकाशाकडं बघत राहिली, बापासारखी.

स्टँडवर बाबांनी तिला चहा पाजला, स्वतः घेतला नाही. "काय लिवलं त्यानं?"

"बघितलं नाही."

"बरं केलंस." मग बराच वेळ पायानं माती उकरत राहिले. रागावलेल्या लेकीशी काय बोलावं हे त्यांना कधीच सुचत नाही, म्हणून ते नेहमी अभ्यासाचं विचारतात. "शनवारी कशावर बोलनार हायेस म्हनं?"

रागातच तिनं सांगून टाकलं, फोटोइलेक्ट्रिक नाही, ते दुसरंच. का ते तिला तेव्हाही कळलं नाही. "एक कण असतो बाबा. त्याच्यापुढं दोन दारं. तो दोन्ही दारांतून जातो."

"दोन्हीतून? एका टायमाला?"

"हो."

"कुनी बघितलंय?"

"बघायला गेलं की एकाच दारातून जातो."

बाबांनी मान वर केली. खडीच्या धुळीनं त्यांच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. आणि ते हसले, आजच्या दिवसात पहिल्यांदाच, सगळे दात दाखवून. "आरं तिच्या! लई शानं हाय की ते. सायेब आला की एका दारात उभं ऱ्हातंय."

तिलाही हसू आलं होतं. आणि हसताना राग गेला नाही. दोन्ही होतं.

टँकर बाजूला झाला, गाडी हलली. अहमदपूर गेलं. उन्हानं पत्रा तापला, घसा कोरडा पडला, आणि तिच्या लक्षात आलं की पाण्याची बाटली बाबांच्या पिशवीत राहिली. शेजारी अहमदपूरला चढलेली एक म्हातारी बसली होती, मांडीवर तेलाचा पाच किलोचा डबा, झाकण घट्ट, आणि डबा दोन्ही हातांनी लेकरासारखा धरलेला.

"लेकीला नेऊन राहिले," म्हातारी आपणहून म्हणाली. "लोह्याला. पोरगी बाळंतीण हाय अन तिथं नळाला आठ दिसांनी पानी. साखरंचा पुडा न्हाई, लुगडं न्हाई, पानी नेतीय माय लेकीला. साखराबाई नाव अन गोड काय बी न्हाई नशिबात." ती स्वतःच हसली. मग तिनं विशाखाच्या ओठांकडं बघितलं. "तान लागली का गं? धर वंजळ."

विशाखानं ओंजळ धरली. साखराबाईनं झाकण काढून डबा उचलला आणि वरून, वीतभर अंतर ठेवून, बारीक धार सोडली. गाडीच्या धक्क्यांत एक थेंब सांडला नाही. तेलाचा वास होता पाण्याला. विशाखा प्यायली, घोट घोट, आणि पिता पितानाच तिच्या मणक्यातून ते वर चढायला लागलं — वरून. वीतभर अंतरावरून. आजी अशीच प्यायची म्हणे, पाटलाच्या वाड्याच्या मागं, ओंजळीत, वरून. हिला कळलं का? कशावरून? रंगावरून, साडीच्या नेसणीवरून, मांडीवरच्या सरकारी लिफाफ्यावरून? की डब्याला तोंड लावून कोण पितं? बाळंतिणीचं पाणी, कोण उष्टं करेल? दुष्काळात सगळेच असे पितात. सगळेच वरून. मग हे ते नव्हे. मग हे तेच नव्हे कशावरून…

"आता माझ्या हातावर वत," साखराबाई म्हणाली आणि डबा तिच्याकडं दिला. "मला धरंना आता, कंप सुटलाय."

तिनं डबा घेतला. त्याच वीतभर अंतरावरून धार धरली. म्हातारी प्यायली, हनुवटीवरचं पाणी पुसून डोळ्यांना लावलं.

"कुनाची गं तू?"

आला. "सोनकांबळ्यांची," विशाखा म्हणाली. डोळे तिच्या चेहऱ्यावर रोखून, भुवई हलते का, ओठ आवळतात का, एक काटा हलला तरी टिपायचा म्हणून.

"हां," म्हणाली साखराबाई. "आमच्या गावात बी हायत सोनकांबळे. पानी न्हाई त्यांना बी, आमाला बी." आणि डबा परत घेऊन झाकण लावलं. घट्ट. मग पुन्हा एकदा फिरवून घट्ट. घरून निघताना लावलं होतं तेव्हाही दोनदाच फिरवलं होतं का? विशाखा तेव्हा तिथं नव्हती. आता कुठल्याही मार्गानं ते कळणार नव्हतं. म्हातारीनं डोळे मिटले, डबा कुशीत घेतला आणि लोहा येईपर्यंत घोरत राहिली. जाताना तिच्या गालावरून हात फिरवून गेली. बोटं ओली होती. आंघोळ करणार का ही घरी जाऊन? हसेल का लेकीला सांगून? काहीच करणार नाही, विसरून जाईल?

तिला वाटलं, हेच. हेच सांगायचं शनिवारी. आणि दुसऱ्याच क्षणी तिला स्वतःचाच संताप आला. काय हेच? म्हातारीच्या मनात जे होतं ते होतंच. मला माहीत नाही, एवढंच. लिफाफ्यातसुद्धा माणिकप्पानं जे लिहिलं ते लिहून झालंय, शाई वाळलीय. मी उघडलं नाही म्हणून तिथं दोन शब्द तरंगत नाहीत. माहीत नसणं वेगळं आणि ठरलेलंच नसणं वेगळं — पुस्तक चार वेळा हेच ओरडून सांगत होतं आणि ती चारही वेळा तिथूनच परत फिरली होती, कारण माहीत नसणं तिला आयुष्यभर ओळखीचं होतं आणि ठरलेलंच नसणं म्हणजे काय याला हात लावायला काहीच सापडत नव्हतं. इलेक्ट्रॉनला कुणी पाणी वरून पाजत नाही. त्याचा बाप त्याला कुठल्या रकान्यात घालत नाही. माझं दुखणं घेऊन त्या काचेवर थापायचं आणि वर म्हणायचं, बघा, समजलं — हा गोंधळ नव्हे, लबाडी.

मग काळे पट्टे? दोन दारं उघडी म्हणून जिथं काहीच पोचत नाही त्या जागा? त्या तरी… विहारात पुढं बसताना जिथं आवाज अडतो ती जागा. कॉलेजच्या फॉर्मवर तो रकाना भरताना जिथं पेन अडतं ती जागा. एकच दार असतं तर दोन्हीकडं काहीतरी पोचलं असतं. नाही, हेही तेच. पुन्हा गोष्टच. पण मग दर वेळी ते पान उघडलं की पोटात खड्डा का पडतो? फोटोइलेक्ट्रिकला का पडत नाही? जे समजत नाही तेच आपलं का वाटतं?

कळत नाही. तिनं वहीच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं लिहिलं, कळत नाही. खाली लिहिलं: नेमकं काय? आणि मग धक्के खात, अक्षर वाकडंतिकडं होत, ती लिहीत गेली — एक, फट बंद केल्याचं दुसऱ्या फटीतल्याला कसं कळतं. दोन, बघणं म्हणजे कुणी. दिवा की माणूस. तीन, ठरलेलं नसणं हे माहीत नसण्याहून वेगळं आहे हे त्या काळ्या पट्ट्यावरूनच सिद्ध होतं का, आणि होत असेल तर मला ते सिद्ध होऊनही का पटत नाही. नांदेडच्या पुलावर गाडी आली, खाली गोदावरीत वाळू आणि मधे चिंध्यांसारखं पाणी, तरी ती लिहीतच होती. वर बघितलं तेव्हा साडेचार वाजून गेले होते.

डिपार्टमेंटच्या जिन्यात शिपाई शेषेराव किल्ल्यांचा जुडगा वाजवत उभा होता. "पळा ताई, सर निघून राहिलेत."

सर निघालेच होते. पिशवी खांद्याला, टेबलावर रजिस्टर उघडं. "या. कुठून, लातूरहून? काय पाऊसपाणी तिकडं…" आणि स्वतःच थांबले, या प्रश्नाला यंदा अर्थ नाही हे आठवून. "बरं. तुझं आहे ना ठरलेलं?"

"डबल स्लिट, सर."

"अं?" त्यांनी पिशवी खाली ठेवली. "अगं, ते… दर वर्षी कुणीतरी घेतं आणि गोष्टी सांगत बसतं. पेटीतलं अर्धं जिवंत मांजर आणतात, भुतं आणतात. फोटोइलेक्ट्रिक तुझं चांगलं तयार आहे."

"हो सर, ते येतं मला."

"मग? हे कळलंय का तुला?"

खिडकीतून ऊन तिरपं आलं होतं आणि टेबलावरच्या काचेत तिचा चेहरा दिसत होता. हो म्हटलं असतं तर चाललं असतं. गणित येत होतं. गणिताच्या मागं लपता आलं असतं.

"नाही सर," ती म्हणाली. मराठीत. "कळलेलं नाही."

आणि ती थांबली. कान टवकारून, अख्खं अंग कानात आणून थांबली, त्या दोन शब्दांसाठी. ते आले असते तर काय करायचं हे तिनं ठरवलं नव्हतं. सरांनी चष्मा काढला. मागच्या वेळी काढला होता तसाच. काचा पुसल्या. जिन्यात किल्ल्या वाजल्या.

"न कळलेल्या विषयावर दहा मिनिटं काय बोलणार?"

"कुठपर्यंत कळलं ते. आणि कुठून पुढं नाही, ते."

"आणि तीन प्रश्न आले तर?"

"तीन माझ्याकडंच आहेत सर. लिहून आणलेत."

सर हसले की तोंडातल्या तोंडात काही चघळलं, तिला कळलं नाही. खिशातून पेन्सिल काढली, पेन तिथंच होतं तरी पेन्सिल, आणि रजिस्टरवर वाकले. विशाखा दगडोबा सोनकांबळे. पुढं शाईनं फोटोइलेक्ट्रिक. ते त्यांनी खोडलं नाही. त्याच्या शेजारी, उरलेल्या अरुंद जागेत, बारीक अक्षरांत पेन्सिलीनं डबल स्लिट लिहिलं. "शुक्रवारी ये. बघू." मग दाराशी जाऊन, पाठमोरेच म्हणाले, "खडू बराच वेळ हातात धरावा लागेल तुला."

हे काय होतं? काळजी? ताकीद? की मन्मथला म्हणाले होते ते, ये, आपण बघू? तेच दोन शब्द, ये आणि बघू, पण त्यात 'आपण' नव्हतं. की होतं? ती जिना उतरली. लिफाफा पिशवीत तळाशी गेला होता, त्याचा कोपरा हाताला टोचत होता. उघडावा असं वाटलं आणि उघडायची घाई वाटली नाही, हे तिला नवीन होतं. होस्टेलच्या अंगणातल्या नळापाशी मुली घागरी लावून बसल्या होत्या, नळ अजून आला नव्हता, तोटीतून नुसती हवा सूं-सूं करत होती. मीपण तिथंच टेकले. पहिलं वाक्य इंग्रजीत जुळवायला लागले — आय डू नॉट अंडरस्टँड… आणि यापुढं पूर्णविराम द्यायचा नाही, यापुढं 'व्हाय' येतं, का ते येतं, आणि त्या का-च्या पुढचं सगळं माझं, कुणी दिलेलं नाही, कुणी सुटसुटीत केलेलं नाही. पुढचा शब्द सापडत नव्हता. पोटातला खड्डा तसाच होता. फक्त आता मी त्याच्या काठावर पाय सोडून बसले होते आणि आत वाकून बघत होते, कुणीतरी 'बस खाली' म्हणेल याची वाट न बघता.